बाबांच्या हिरड्या आणि बीपीची गोळी

ती. बाबा व आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोटोत समोरच्या दातांमधले हिरडीचे त्रिकोण फुगून दातांवर चढलेले दिसतात. हे वयामुळे नाही आणि सोलापूरच्या उन्हाळ्यामुळेही नाही. गोळीच्या पट्टीमागे बघा: टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५. यातल्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या वाढतात. हिरडीतलं जुनं कोलॅजन (हिरडीला घट्ट ठेवणारे तंतू) मोडायचं काम मंदावतं, नवं साचत जातं आणि दातांवर कीटण असेल तर वाढ आणखी जोर धरते. फिट्सच्या फेनिटॉइन या औषधानेही हेच होतं.

म्हणून गोळी मनाने बंद करू नका. बीपी एकदम चढलं तर केवढ्याला पडेल! आधी तुमच्या फिजिशियनना फोटो दाखवा आणि अ‍ॅम्लोडिपिनऐवजी दुसरं औषध चालेल का ते विचारा. गोळी बदलली की आई, तू रोज सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहीत जा. हिरडी ओसरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

तोवर दातांच्या डॉक्टरांकडून हिरडीखालचं कीटणही काढून घ्या. या सफाईने, म्हणजे स्केलिंगने, दात हलत नाहीत. कीटण निघाल्यावर फटी मोकळ्या वाटतात, एवढंच. घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशात तिरका धरून हळू हलवा. रक्त आलं म्हणून तो भाग सोडू नका, सोडलेल्या जागीच सूज वाढते. डॉक्टरांनी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन (चूळ भरायचं औषध) दिलं तर १० मिली, दिवसातून दोनदा, मिनिटभर तोंडात खळखळवून थुंका, पेस्टनंतर अर्ध्या तासाने. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरलं तर दात पिवळट-काळपट होतात. कडक भाकरी सध्या आमटीत कुस्करून खा, सुकी टोचते. शेंगा चटणी चालेल, पण भुगा फटीत बसतो, लगेच खळखळून चूळ भरा. आणि मिसरी पूर्ण बंद, आई, तुझीसुद्धा.

एवढं करूनही तीन ते सहा महिन्यांनी वाढलेली हिरडी उरली तरच ती कापायची. हे काम पेरिओडॉन्टिस्टचं, म्हणजे हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांचं. त्यासाठी पुण्याला यायला नको, सोलापुरात आहेत. भूल देऊन सुरीने किंवा लेझरने करतात. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आधीच सांगा. गोळी न बदलता घाईने कापलं तर हिरडी पुन्हा वाढण्याची भीती असते. नंतरही दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

हिरडी एकाच जागी गाठीसारखी वाढली, किंवा ताप, थकवा, अंगावर निळे डाग दिसले, तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी दाखवा आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून घ्या.

तुमची,
ताई