रविवारची गेम बैठक : येण्याआधी घरी एवढं करा

सर्व पालक सभासदांना,

येत्या रविवारी सकाळी १० ते १२, अमळनेर, वाचनालयाचा वरचा हॉल. तिसरी ते सातवीची मुलं. सोबत घरातलं एक मोठं माणूस हवंच.

१) मूल ज्या मोबाइलवर खेळतं तोच आणा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक खरेदीला पासवर्ड' चालू करा. ३० मिनिटांत एकदाच विचारण्याचा पर्याय ठेवला, तर तुमच्या एका पासवर्डनंतर मुलाला गेममधली हिरे-नाणी विनाअडथळा घेता येतात. पैसे असेही जातात. यूपीआय पिन मुलांना कळू देऊ नका.

२) फुकटच्या गेमची कमाई जाहिरातींतून आणि आतल्या विक्रीतून होते. 'जाहिरात पाहा, बक्षीस घ्या' हे बटण खेळाचाच भाग वाटावं असं रंगवलेलं असतं. लहान मुलांना बरेचदा फरक कळत नाही. तो पडद्यावर दाखवू.

३) दुसऱ्या तासात मुलं स्क्रॅचवर स्वतःचा गेम बनवतील. ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेलं हे साधन २००७ पासून मोफत आहे. लॅपटॉप असल्यास त्यात घरीच उतरवून आणा, हॉलमध्ये नेट मिळत नाही. स्क्रॅचमध्ये आपला आवाज भरता येतो, म्हणून आजी-आजोबांकडून एक अहिराणी कोडं शिकून या.

बैठकीआधी रागाने गेम काढून टाकू नका, तोच उघडून बोलायचं आहे. नावं शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवा.