सईच्या वाचनाची वर्गणी

मँचेस्टर
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर बाबा ‘बरं आहे ना? बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देतात, आणि तेवढ्यात आईच्या कुकरला शिट्टी येते. काही गोष्टी लिहूनच नीट सांगता येतात. बाबांना आधी शेवटचं पान वाचायची खोड आहे. या वेळी कृपया वरून खाली वाचा.

आम्ही तिघं मजेत आहोत. माझा खोकला गेला. तांदूळ, डाळ, कोकमं सगळं मिळतं, जेवण वेळेवर होतं. पाऊस मात्र बारमाही, पण लालबागच्या पोरीला पावसाचं काय सांगायचं! तेव्हा स्वेटरचं पार्सल नको. डिंकाचे लाडू पाठवलेत तर परत करणार नाही.

आता सईच्या फोनबद्दल. ‘आबा, मला स्पॉन्सर करा’ असं ती म्हणाली आणि तुम्हाला वाटलं, आमच्याकडे फीचे वांधे झाले. तसं काही नाही. इथल्या सरकारी शाळेला फीच नसते. झालं एवढंच, की शाळेतून एक कार्ड आलं. मुलांनी ठरलेल्या मुदतीत जमतील तेवढी पुस्तकं वाचायची आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, आईबापाच्या ऑफिसातल्यांनी त्या वाचनापोटी पैसे द्यायचे. पैसे सईला मिळत नाहीत. हॉस्पिटलात पडून असलेल्या मुलांना पुस्तकं आणि गोष्ट सांगणारी माणसं पुरवणाऱ्या एका संस्थेला ते जातात.

बाबा म्हणणार, द्यायचेच तर सरळ द्या, पोरीला मध्ये कशाला घालता? मलाही आधी कळत नव्हतं. इथली रीत अशी, की देणगी मागणाऱ्याने आधी स्वतः काहीतरी करून दाखवायचं. मे महिन्यात शहरात दहा किलोमीटरची मोठी शर्यत असते, तेव्हा अर्धं ऑफिस कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी पळतं. इथवर ठीक आहे, आपल्याकडेही जानेवारीच्या मॅरेथॉनला लोक देणगीसाठी धावतात. पण इथे कोणी डोकं भादरून घेतो, कोणी दिवसभर मौन पाळतो. आमचे एक वरिष्ठ साहेब टोमॅटोच्या रश्श्यातल्या घेवड्याने भरलेल्या टबात कपड्यांनिशी बसले होते. कोणी हसलं नाही असं नाही, पण पैसे सगळ्यांनी दिले. आपल्या मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आली, आणि त्यांना कोणी म्हटलं की आधी भारतमाता टॉकीजपासून चिंचपोकळी स्टेशनपर्यंत लंगडी घालत जा, मग वर्गणी देतो, तर कसं वाटेल? इथे ते स्वतःहून घालतात.

बाकी माणसं सारखीच. कोणी किती दिले ते इंटरनेटवर सगळ्यांना दिसतं. पहिल्याने दहा पौंड टाकले की मागचेही दहाच टाकतात. बाबा, तुम्हीही आधीच्या पावतीवरचा आकडा बघूनच वर्गणी सांगायचात, आठवतंय ना? एक गोष्ट मात्र मला आवडली. देताना एका चौकोनात खूण केली की त्या दहा पौंडांवर अडीच पौंड सरकार संस्थेला देतं, देणाऱ्याने भरलेल्या आयकरातून. आपल्याकडे आयकराच्या ८०जी सवलतीत सूट देणाऱ्याला मिळते. तुम्ही इथे कर भरत नाही, म्हणून तुमच्या १०१ रुपयांना तो लाभ नाही, आणि त्यांचा पुरता एक पौंडही होत नाही. सईने तरी कार्डावर ‘आबा – १०१ रुपये’ असंच लिहिलं. वरचा एक कशाचा, ते बाईंना तिनेच समजावलं. काय समजावलं देव जाणे.

तिच्या यादीत तुम्ही पाठवलेली मराठी पुस्तकंही आहेत. जोडाक्षराला अडखळते, ‘ळ’ला धाप लागते, पण वाचते. ‘पोरगी मराठी विसरणार’ असं आत्या सारखी म्हणते. तिच्या नातवाचं मराठी मी गेल्या खेपेला ऐकलंय, तेही दादरला राहून. तेव्हा एकट्या आम्हाला बोलू नये.

वाचनाचं आमचं तसंच चालू आहे. सई झोपली की सुहास आणि मी मिळून एकच पुस्तक घेतो. एका रात्री तो मोठ्याने वाचतो, एका रात्री मी. तो नाटकात काम केल्यासारखे आवाज काढतो आणि मग वरच्या मजल्यावरून सईची हाक येते. मी निसर्गवर्णनं गाळते आणि पकडली जाते. दिवाळी अंक पोचले. त्यातल्या कथा आधी माझ्या, शब्दकोडी त्याची, यावरून भांडण झालं आणि मिटलं.

अधूनमधून आम्ही डीन्सगेटवरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात जातो. तांबड्या दगडाची इमारत, बाहेरून चर्चच वाटावं अशी. प्रवेश फुकट. बाबा, ही गोष्ट तुमच्यासाठी. हे रायलंड्स इथले मोठे कापड गिरणीवाले. ते १८८८ साली वारले. त्यांच्या बायकोने, एन्रिकेटाबाईंनी, नवऱ्याच्या नावाने ग्रंथालय बांधायला घेतलं. नुसती इमारत बांधून थांबल्या नाहीत, १८९२ मध्ये एका सरदार घराण्याचा हजारो दुर्मीळ ग्रंथांचा संग्रह विकत घेतला. १९०० साली ते वाचकांना खुलं झालं. तिथे बसलं की मला आपला राजाबाई टॉवर दिसतो. तोही कापसाच्याच पैशावर उभा. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इथे येईना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्यातून प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि टॉवरला पैसे दिले. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, मागावर, तिसरी पाळी करायचे, त्या पैशातला त्यांच्या वाट्याला किती आला ते आपल्याला माहीत आहे. गिरणीत ज्या ओल्डहॅमच्या यंत्रांचं नाव ते सांगायचे, ते ओल्डहॅम इथून ट्रामने जाता येतं. गेलो होतो. आजोबांना सांगायला हवं होतं असं वाटलं.

आई, ‘स्वतःचं घर नाही आणि दानधर्म कसला करता’ हे तू म्हणालीस ते सुहासला लागलं नाही, मला लागलं. आम्ही पैसे उधळत नाही. दोघांचे मिळून महिन्याला साठ पौंड बाजूला पडतात. अर्धे इथल्या अन्नपेढीला आणि मुलांच्या पुस्तकांना. अर्धे परळच्या नाना पालकर स्मृती समितीला, टाटा आणि केईएमला उपचारासाठी गावाहून येणाऱ्यांच्या राहण्यासाठी. हे ठिकाण का, ते तुला सांगायला नको. गावचा कुठलाही पेशंट टाटाला आला की आपल्याच खोलीत पथारी पडायची आणि मी अभ्यासाला जिन्यात बसायचे. तेव्हा चिडायचे. तू मात्र त्यांच्यासाठी वेगळी पेज करायचीस, मिठाची वेगळी, बिनमिठाची वेगळी. आम्ही बँकेला एकदा सांगून ठेवलं की दर महिन्याला पैसे आपोआप जातात. पथारी घालावी लागत नाही. इतकं सोपं देणं तुला देणं वाटत नसेल तर तुझं चुकत नाही.

बाबांनी वाचनालयाला रोख पाच हजार दिले म्हणे. दिलेत ते उत्तम, पण दोन हजारांवर रोख दिलेली देणगी ८०जीत धरत नाहीत. पुढच्या वेळी चेक द्या. आणि नवीन करपद्धतीत असाल तर ही सूट मुळातच नाही, ते सीएला विचारून घ्या.

आता पैशाचंच निघालंय म्हणून. मुंबईकडची देणगी यापुढे फक्त माझ्या पगारातून, माझ्या एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं तिकडचं बँकखातं) जाईल, इथली सुहासच्या. कारण सुहासने इथला पासपोर्ट घेतला. समारंभ झाला, फोटो पाठवले नाहीत, कारण आधी तुम्हाला लिहायचं होतं. नोकरीच्या दृष्टीने ते सोयीचं होतं, बाकी काही नाही. पण आता कायद्याने तो परदेशी नागरिक, म्हणून त्याने दिलेला रुपया विदेशी देणगी ठरतो. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यावे लागतात. चाळीतल्या वाचनालयाने हे कुठून आणायचं? माझा पासपोर्ट आहे तोच आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही, आणि घाईही नाही.

बाळूच्या लग्नाला आम्ही येतोय. सुहासचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला व्हिसाशिवाय येऊ देणारं, तोवर यायला हवं. नाही आलं तर लालबागचा जावई व्हिसा काढून मुंबईत येईल, त्यावर बाळूच्या सासरच्यांसमोर कोणी विनोद करू नये. रजा जेमतेम आठवडाभराची आहे. हळदीला पोचू, केळवणं मात्र हुकतील. आई, रागावू नकोस. हॉलचे उरलेले पैसे मी भरते, ते आहेर म्हणून नव्हे, तेव्हा त्यावरून बाबांनी वाद घालू नये. बाळूला खात्याचा नंबर पुन्हा पाठवायला सांगा, आधीचा दोन आकडे कमी होता. वहिनी होणारीला वाचायची आवड आहे म्हणे. तिला काय आवडतं ते विचारून ठेवा.

पासपोर्टचं आत्याला इतक्यात सांगू नका. लग्न होऊन जाऊ दे.

तुमची
मनू