विहिरींच्या पाणी-तपासणीसाठी नवे ऑटोक्लेव्ह हवे : ग्रामस्थांना कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या मागची आपली पाणी-तपासणीची खोली डिचोलीकरांना नव्याने सांगायला नको. जागा मास्तरांनी एक पैसा न घेता दिली. ओटा आणि लाद्या आपल्याच गवंडी बांधवांनी मजुरीविना बसवल्या. पहिले ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारे यंत्र, ट्रकमालकांनी वर्गणी काढून आणले. 2012 साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, तरी त्यांतल्या कित्येकांनी चवथीची देणगी चुकवली नाही. हे ऋण मंडळ कधीच विसरणार नाही.

आता तेच यंत्र थकले आहे. रबर बदलून पाहिले, पण झाकणच वाकल्याने वाफ निसटते. दाबाचा काटा 15 पौंडांवर जायला हवा, तो 10 वरच अडतो. म्हणजे आत 121 अंश सेल्सिअसऐवजी जेमतेम 115. तेवढ्याने सगळे जंतू मरतीलच याची खात्री नाही. पाण्यात जंतू आहेत का, हे आपण काचेच्या नळ्यांत ते वाढवून पाहतो. त्यामुळे वापरलेल्या नळ्यांत जंतू वाढलेले असू शकतात, म्हणून त्या धुण्याआधीच निर्जंतुक कराव्या लागतात. मग साबण, ब्रश, नळाचे पाणी, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. आमच्या काकी प्रत्येक नळी उजेडात धरतात. पाणी काचेवर सारखे न पसरता थेंब धरून राहिले, तर ती परत धुवायला जाते. साबणाचा अंश राहिला तर जंतू वाढत नाहीत आणि दूषित विहीर कागदावर चांगली ठरते. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतून पहिल्या पावसात काय काय झिरपते, हे ठाऊक असताना असा अहवाल कोणाच्या हाती कसा द्यायचा?

गेल्या वर्षी वाफ गळू लागली तेव्हाही आम्ही मदत मागितली होती. कौतुकाचे फोन पुष्कळ आले, पावत्या मोजक्याच फाटल्या. पाऊस लागताच मात्र बाटल्या घेऊन दारात रांग लागली आणि आम्ही एकालाही परत पाठवले नाही. लिहिताना मन दुखते, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

नव्या यंत्राचा खर्च 60 हजारांच्या घरात; शिवाय नळ्या, ब्रश, कापूस. रोख किंवा मंडळाच्या नावे चेक, कार्यालयात सायं. 5 ते 7, रविवारी सकाळी 10 ते 12. पावती अवश्य घ्यावी. वस्तू देणाऱ्यांनी आधी विचारावे. शनिवारी दुपारी काच धुवायला विज्ञान शाखेची मुले आली तर फार बरे. रक्कम मृगाआधी जमायला हवी.

आपला नम्र,
सचिव, कार्यकारी मंडळाच्या वतीने