ऑफा राजाचं उलटं नाव

प्रिय मित्रा,

शनिवारी ब्रिटिश म्युझियमला गेलो होतो, एका काचेसमोर उभा राहिलो आणि तुझीच आठवण आली. तुझ्या डब्यातल्या शिवराया आपण भिंगाखाली तासन्तास बघायचो ना, तसं बघत बसावं असं सोन्याचं नाणं होतं रे. ऑफाचं. हा मर्शियाचा, म्हणजे आजच्या मध्य इंग्लंडचा राजा, 757 ते 796, तब्बल 39 वर्षं. आणि नाण्यावर सगळं अरबी! बगदादचा खलिफा मन्सूर, त्याच्या दिनारची म्हणजे सोन्याच्या नाण्याची नक्कल, हिजरी 157 सालासकट, एका अल्लाशिवाय देव नाही हेसुद्धा तसंच, आणि त्या अरबी ओळींच्या मधे लॅटिनमधे ऑफा रेक्स, ऑफा राजा. नाव सरळ धरलं की अरबी उलटं. ठसा कोरणाऱ्याला अरबी येत नसणार, तरी एकेक वळण बघून बघून उतरवलंय, कुठेकुठे चुकलाय. तो माणूस डोळ्यांपुढून हलतच नाहीये.

ऑफा साधा नव्हता. वेल्सच्या सीमेवर त्याने एवढा लांब मातीचा बांध घातला, खंदक वेल्सच्या बाजूला, की 1200 वर्षं झाली तरी लोक आजही त्याच्या कडेने चालत जातात. शार्लमेनने, म्हणजे समुद्रापलीकडच्या फ्रँक लोकांच्या राजाने, मुलासाठी ह्याची मुलगी मागितली तर हा म्हणाला मग तुमची मुलगी बर्था माझ्या मुलाला द्या, झालं, शार्लमेन भडकला आणि इंग्लिश व्यापाऱ्यांना बंदरंच बंद केली. पुढे 796 च्या पत्रात तोच ऑफाला भाऊ म्हणतो, आणि तुमच्याकडचे झगे पूर्वीच्याच मापाचे पाठवा असंही सांगतो, किती घरगुती वाटतं ना!

पण सगळा जीव मुलात, एगफ्रिथमधे. स्वतः जिवंत असताना 787 मधे त्याचा राज्याभिषेक करून टाकला. गादीला कुणी आडवं येऊ नये म्हणून काय काय केलं असेल देव जाणे, 794 मधे ईस्ट अँग्लिया या शेजारच्या राज्याच्या राजाचं तर मुंडकंच उडवलं. जुलै 796 मधे ऑफा गेला, मुलगा गादीवर बसला आणि 141 दिवसांत तोही गेला. अल्क्विन नावाच्या विद्वानाने तेव्हाच लिहिलं की बापाने मुलासाठी जे रक्त सांडलं त्याचा हा सूड आहे. मला मात्र त्या पोराचंच फार वाईट वाटलं, त्याने काय मागितलं होतं रे?

नाण्याचा फोटो सोबत पाठवतोय. मोबाईल उलटा धर आणि मग नाव वाच.

तुझाच