डोळ्यांचे थेंब चिठ्ठीविना नकोत

महोदय,
पावसाळ्यात डोळे येण्याची साथ ठरलेलीच. जुलै २०२३मध्ये आळंदीत ती कशी पसरली, हे वाचकांना आठवत असेल. अशा वेळी औषधाच्या दुकानात 'डोळ्याचे थेंब द्या' म्हटले की बाटली हातात पडते. त्यात बऱ्याचदा अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारे औषध, असते. लाली झटक्यात उतरते, गिऱ्हाईक खूश! पण साथीतला संसर्ग बहुतेकदा विषाणूचा, जसे अडिनोव्हायरसचा. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि स्टेरॉइडमुळे विषाणू उलट जास्त दिवस मुक्काम ठोकू शकतो. बुबुळावर हर्पीस विषाणूची किंवा बुरशीची जखम असेल, तर दृष्टीच धोक्यात. आठवडेच्या आठवडे थेंब घातल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि हा दाब बहुधा दुखत-खुपत नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे थेंब देतात, ते योग्यच. तिथे डॉक्टरांची नजर असते. मात्र आजीची ती उरलेली बाटली फ्रिजच्या दारात राहते आणि पुढे नातवाच्या लाल डोळ्यात रिकामी होते. केटोरोलॅक, नेपाफेनॅक या वेदनाशामक थेंबांत स्टेरॉइड नसते, तरी अतिवापराने बुबुळाला इजा होऊ शकते.

ही स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याचा नियम आहे. अन्न व औषध प्रशासनाने साथीच्या दिवसांत दुकानांची तपासणी करावी आणि बाटलीवर 'स्टेरॉइड' हा शब्द मराठीत, चष्म्याविना वाचता येईल एवढा मोठा छापायला लावावा.

– एक ज्येष्ठ वाचक, पुणे