रक्तदानाची बातमी शिबिराच्या आधी यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर सेवाभावी क्लबांच्या पदग्रहण समारंभांच्या बातम्या येऊ लागतात. रोटरी असो वा लायन्स, दोन्हींचे वर्ष 1 जुलैला सुरू होत असल्याने गावोगावचे मावळते अध्यक्ष आणि नूतन अध्यक्ष एकाच आठवड्यात वाचकांच्या भेटीला येतात. आमच्या क्लबची बातमीही यंदा आपण छायाचित्रासह छापलीत, याबद्दल सर्व सदस्यांच्या वतीने आभार मानतो. त्या बातमीत गतवर्षीच्या कामाविषयी एक वाक्य होते, ते असे की ‘रक्तदान शिबिरे, नेत्रतपासणी, वृक्षारोपण आदी उपक्रम राबविण्यात आले’. गेली अकरा वर्षे क्लबच्या रक्तदानाचे काम सांभाळणारा सदस्य या नात्याने त्या वाक्यात न मावलेली एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे मांडावी, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

पूर्वी आम्ही वर्षातून एकच मोठे शिबिर घेत असू आणि ते एप्रिलच्या मध्यात असे. मार्चअखेरची धावपळ संपलेली असते, तासगाव भागातल्या द्राक्षबागांची खरड छाटणी मार्गी लागत आलेली असते, मंगल कार्यालय एखाद्या बिनमुहूर्ताच्या दिवशी मोकळे मिळते, अशी सोय पाहून ती तारीख ठरत गेली. रुग्णांची गरज पाहून ती ठरलेली नव्हती, हे आमच्या लक्षात यायला एक मे महिना जावा लागला. त्या वर्षी शिबिरात दीडशेहून अधिक पिशव्या रक्त जमा झाले होते, आम्ही सारे समाधानी होतो आणि दुसऱ्या दिवशी बातमीही आली होती. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात थॅलेसेमिया असलेल्या एका मुलीचे वडील सकाळीच माझ्या घरी आले. या आजारात दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. ते चढवले नाही तर मूल मलूल होते, त्याला धाप लागते, त्याची वाढ खुंटते. मुलीच्या गटाचे रक्त त्या दिवशी कुठेच मिळत नव्हते. मी शिबिराची वही काढली. त्या गटाचे सव्वीस दाते आमच्याच वहीत होते, सगळे ओळखीचे, सगळे हाकेसरशी येणारे. परंतु रक्त देऊन तीन महिने न झाल्यामुळे त्यांच्यापैकी एकालाही बोलावता येत नव्हते. मुलीला रक्त मिळाले, पण दोन दिवस उशिरा आणि परगावच्या एका अनोळखी दात्याच्या कृपेने. त्यानंतर चौकशी केली तेव्हा समजले की आमच्या शिबिरातल्या काही पिशव्या मुदत संपल्यामुळे नष्ट कराव्या लागल्या होत्या. ज्या माणसांनी उन्हात रांग लावून ते रक्त दिले होते त्यांना हे कसे सांगावे, याचे उत्तर मला आजही सापडलेले नाही.

यात कोणा एकाची चूक नव्हती. दिवसांचा हिशेब कोणी मांडला नव्हता, एवढेच. तो हिशेब अगदी साधा आहे. पिशवीतल्या नेहमीच्या द्रावणात संपूर्ण रक्त 35 दिवस टिकते. रक्ताचे घटक वेगळे करण्याची सोय असेल तर तांबड्या पेशी विशिष्ट द्रावणात 42 दिवसांपर्यंत ठेवता येतात, गोठवलेला प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग वर्षभर राहतो, मात्र रक्त गोठवणाऱ्या पेशी म्हणजे प्लेटलेट पाचच दिवस टिकतात आणि तेही सतत हलवत ठेवल्या तर. दुसरीकडे, पुरुषाला पुन्हा रक्तदान करण्यासाठी 90 दिवस आणि स्त्रीला 120 दिवस थांबावे लागते. आता समजा, 15 एप्रिलला गावातल्या सगळ्या इच्छुक दात्यांनी एकाच दिवशी रक्त दिले. ते रक्त 20 मेपर्यंत संपते किंवा वाया जाते, तांबड्या पेशी वेगळ्या केल्या तरी 27 मेच्या पुढे जात नाहीत; आणि तेच पुरुष दाते 14 जुलैपर्यंत, स्त्रिया तर 13 ऑगस्टपर्यंत पुन्हा रक्त देऊ शकत नाहीत. मे आणि जून हे महाविद्यालये बंद असण्याचे, लग्नसराईचे, कडक उन्हाचे आणि म्हणूनच रक्ताच्या तुटवड्याचे महिने असतात. म्हणजे एप्रिलच्या मध्यातले भव्य शिबिर नेमक्या टंचाईच्या काळासाठी गावचे सगळे दाते बाद करून ठेवते. दिवाळीच्या सुटीतही थोडीफार हीच अवस्था होते. हे गणित मी एका संध्याकाळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने मांडले आणि क्लबच्या पुढच्या सभेत ती दिनदर्शिकाच घेऊन गेलो.

त्यानंतर आम्ही मोठे शिबिर बंद केले. आता वर्षातून सहा लहान शिबिरे होतात. त्यांतली दोन मे आणि जूनमध्ये, एक दिवाळीच्या आठवड्यात, आणि प्रत्येक शिबिराआधी रक्तपेढीला विचारले जाते की तुम्हाला किती पिशव्या आणि कोणत्या गटाच्या हव्यात. रक्तपेढीने चाळीस सांगितल्या तर चाळिसाव्या दात्यानंतर आम्ही थांबतो. उरलेल्यांची नावे, गट आणि याआधी रक्त दिल्याची तारीख वहीत लिहून घेतो व गरज पडेल तेव्हा त्यांना बोलावतो. आरंभी हे लोकांच्या पचनी पडले नाही. हौसेने आलेल्या तरुणाला ‘आज नको, पुढच्या महिन्यात बोलावतो’ असे सांगणे आम्हालाच जड जाई आणि काही जण रागावून गेलेही. पण ज्यांना खरोखर रात्री-अपरात्री बोलावणे गेले आणि ज्यांच्या रक्ताने एखादी बाळंतीण वाचली, त्यांनीच पुढे ही पद्धत इतरांना समजावून सांगितली. एस.टी.तले वाहक, दूध संघातले कामगार, शिक्षक, एक-दोन किराणा दुकानदार अशी पाऊणशे माणसांची ही यादी आमच्या क्लबची खरी मिळकत आहे, असे मी मानतो.

या कामात एक गोष्ट आम्हाला अनपेक्षितपणे कळली, तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. शिबिरात दात्याच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडतात. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी जे मोरचूद वापरतात त्याचेच ते ठरावीक तीव्रतेचे पाणी असते. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे असे समजून दात्याला पुढे पाठवतात. तरंगला तर परत. परत जाणाऱ्यांत आमच्याकडे नेहमी बायकांचीच संख्या मोठी असे. बचत गटाच्या बायका घोळक्याने, उत्साहाने यायच्या आणि दहापैकी सहा-सात जणी खाली मान घालून बाहेर पडायच्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तो आकडा आम्हाला आमच्या मांडवात समोर उभा दिसला. वर्षानुवर्षे आम्ही त्यांना ‘ताई, तुमचे रक्त कमी आहे’ एवढे सांगून परत पाठवत होतो आणि सेवा केली असे समजत होतो. आता अशा प्रत्येक भगिनीचे नाव तिच्या संमतीने वेगळ्या वहीत लिहिले जाते, क्लबमधल्या दोन डॉक्टर भगिनी तिच्याशी बोलतात, ग्रामीण रुग्णालयातून लोहाच्या गोळ्या मिळवून दिल्या जातात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. सगळ्याच येतात असे नाही. परंतु गेल्या वर्षी अशा अकरा जणींनी पुढच्या शिबिरात स्वतः रक्तदान केले, आणि क्लबच्या वर्षभराच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी हीच बातमी आहे.

शिबिरांतल्या भेटवस्तूंविषयीही लिहिणे मला आवश्यक वाटते. गर्दी व्हावी म्हणून हेल्मेट, थर्मास, बॅग देण्याची प्रथा अलीकडे पसरली आहे. पैसे घेऊन रक्त देण्याचा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून बंद झाला, त्यामागचे कारण असे होते की लाभासाठी रक्त देणारा मनुष्य आपला आजार लपवतो आणि तो आजार रुग्णाच्या अंगात जातो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग व हिवताप यांसाठी तपासणी होते हे खरे, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तपासणीत तो निसटू शकतो. तिथे दात्याचा प्रामाणिकपणा हेच संरक्षण असते. वस्तूच्या ओढीने आलेल्या माणसाकडून त्या प्रामाणिकपणाची अपेक्षा धरणे त्याच्यावर आणि रुग्णावरही अन्याय करणारे आहे. आम्ही चहा, केळी, बिस्किटे आणि प्रमाणपत्र यापलीकडे काही देत नाही.

सेवाभावी क्लबांनी भव्यता बाजूला ठेवून सातत्य धरले तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. रोटरीने 1985 मध्ये जगातून पोलिओ घालवण्याचे काम अंगावर घेतले. भारतात 1995 पासून पल्स पोलिओच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी सेविका आणि पुढच्या काळात आशाताईंच्या बरोबरीने क्लबांचे सदस्य वर्षानुवर्षे त्याच त्या बूथवर, त्याच त्या बस स्थानकात बसले. पाच वर्षांखालच्या मुलांना थेंब पाजून करंगळीवर शाईची खूण करत राहिले. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात नोंदला गेला आणि 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पहिल्या फेरीचे छायाचित्र सगळीकडे छापून आले असेल. रोग हटला तो पुढच्या असंख्य फेऱ्यांमुळे, ज्यांची बातमी क्वचितच झाली.

म्हणून आपल्याकडे माझी विनंती अशी आहे. आमच्या समारंभांच्या बातम्या लहान केल्यात तरी चालेल, व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे गाळलीत तरी आमची तक्रार नाही. त्या जागेत दर आठवड्याला, निदान मे-जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुमारास, जिल्ह्यात कोणत्या गटाचे रक्त कमी आहे आणि येत्या आठवड्यात शिबिर कुठे आहे एवढे छापावे. ‘ई-रक्तकोष’ या शासकीय संकेतस्थळावर रक्तपेढ्यांचा साठा पाहता येतो, त्यामुळे ही माहिती मिळवणे आपल्या वार्ताहरांना अवघड जाऊ नये. लागेल ती मदत करायला आमच्यासारखे क्लब तयार आहेत. शिबिर होऊन गेल्यावर ‘विक्रमी रक्तसंकलन’ असा मथळा देण्याऐवजी त्यातले किती रक्त रुग्णांपर्यंत पोहोचले, हे महिन्याभराने विचारावे. तो प्रश्न आम्हालाही विचारावा, उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

जयंती, गणेशोत्सव किंवा नेत्याच्या वाढदिवसाला शिबिर घेणाऱ्या मंडळांनाही याच निमित्ताने सांगावेसे वाटते की त्यांची भावना आदराची आहे आणि ती तशीच राहावी. फक्त त्या दिवशी रक्तपेढीने सांगितले तेवढेच रक्त द्यावे आणि बाकीच्या कार्यकर्त्यांची नावे गटवार लिहून ठेवावीत. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीच्या शिबिरात रक्त दिलेला तरुण 20 मे रोजी पुन्हा रक्त देण्यास पात्र होतो. त्या तारखेला त्याला फोन करणारा कोणीतरी मंडळात असला पाहिजे. तसा एखादा कार्यकर्ता नेमायचा असेल तर वही कशी ठेवायची हे दाखवायला मी स्वतः येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक व सेवाभावी क्लबचा सदस्य,
जि. सांगली