प्रश्नावली भरून नेता, उत्तरं परत कधी आणणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझं माहेर पन्हाळ्याचं, सासर कोल्हापुरात शिवाजी पेठेत. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ३१ वर्षं नोकरी करून मी निवृत्त झाले. थोरला भाऊ आणि वहिनी अजून गडावरच राहतात. वहिनीचं झुणका-भाकरीचं लहानसं हॉटेल आहे. घरामागच्या दोन खोल्या मुक्कामाला आलेल्या पर्यटकांना देतात. हे आधीच सांगते, कारण पर्यटनावरचं संशोधन ग्रंथालयात कसं येऊन पडतं हे मी पाहिलंय आणि वहिनीच्या चुलीपुढं ते कसं गोळा होतं हेही पाहिलंय.

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते. दुपारी दोनच्या सुमारास एक मुलगी हातात कागदांचा गठ्ठा घेऊन आली. चेहरा उन्हानं लाल झालेला. पर्यटनावर पीएच.डी. करत होती. प्रश्नावली चार पानांची. ‘गडावरील मूलभूत सुविधा समाधानकारक आहेत’, ‘पर्यटनामुळे स्थानिकांचे जीवनमान उंचावले आहे’ अशी तीसेक वाक्यं आणि प्रत्येकापुढं पाच चौकटी: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. मुलगी वाचत गेली, वहिनी भाकरी थापता थापता “सहमत, सहमत” म्हणत गेली. दहा मिनिटांत काम झालं. पोरीनं ताक घेतलं, पाया पडली आणि निघाली.

ती गेल्यावर मी वहिनीला विचारलं, “सुविधा समाधानकारक कुठं आहेत? बायकांच्या स्वच्छतागृहावरून तूच कालपर्यंत भांडत होतीस ना?” त्यावर वहिनी म्हणाली, “वन्सं, पोरगी उन्हाची चढून आली. तिला कुठं नाराज करायचं? परीक्षा हाय तिची.”

मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. ती पाच चौकटींची पट्टी अमेरिकेतल्या रेन्सिस लायकर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली मांडली. पट्टी चांगलीच आहे, जगभर चालते. पण आपल्याकडं दारात आलेला माणूस आधी पाहुणा असतो, मग संशोधक. पाहुण्याला तोंडावर ‘असहमत’ कोण म्हणणार? वहिनीनं उत्तर दिलं ते त्या मुलीला, प्रश्नाला दिलंच नाही. आता ते तीस ‘सहमत’ संगणकात जातील, त्यांची सरासरी निघेल आणि कुठल्याशा प्रबंधात लिहिलं जाईल की पन्हाळ्याचे रहिवासी सुविधांबाबत समाधानी आहेत.

नोकरीच्या काळात माझ्या हातून असे कितीतरी प्रबंध आणि प्रकल्प गेले. पहिलं प्रकरण प्रस्तावना, दुसरं पूर्वसाहित्याचा आढावा, मग गृहीतकं आणि नमुना. नमुन्याचा आकडा पुन्हापुन्हा तोच दिसायचा: ३८४. हा आकडा क्रेजी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातला. लोकसंख्या दहा लाख असली तरी ३८४ माणसं पुरतात असं तो तक्ता सांगतो. पण त्यासाठी ती माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडलेली हवीत, कुणाचाही नंबर लागण्याची शक्यता सारखी हवी. आपल्याकडं काय होतं? तीन दरवाजापाशी किंवा वाहनतळावर जो उतरेल त्याला गाठायचं आणि आकडा भरला की खाली यायचं. अंबाबाईच्या दक्षिण दरवाजापाशीही हेच चालतं. दर्शनाच्या रांगेतून दोन तासांनी बाहेर पडलेल्या बाईला ‘गर्दी व्यवस्थापन’ कसं वाटलं हे विचारतात. ती चप्पल शोधत असते.

आणि महिना कुठला? प्रबंध सादर करायच्या तारखा जवळ आल्या की मुलं येतात, म्हणजे बहुतेक जानेवारी ते एप्रिल. गडाचा खरा हंगाम जुलै-ऑगस्टमधला. धुक्यात सज्जाकोठी दिसत नाही, पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीची पोरं चिखलानं माखून निघालेली असतात, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. तेव्हा कागद घेऊन चढलेला संशोधक मी तरी पाहिलेला नाही.

यात मुलांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांच्यावर काय दडपण असतं ते मी काउंटरच्या पलीकडून पाहिलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणं पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी संशोधन-पत्रिकेत लेख छापून येणं सक्तीचं होतं. मग पैसे घेऊन छापणाऱ्या पत्रिकांचं पेवच फुटलं. एक विद्यार्थिनी माझ्याकडं रडत आली होती. कुठल्याशा पत्रिकेला दोन हजार रुपये भरले होते, लेख आठ दिवसांत छापूनही आला होता, पण पुढं ती पत्रिका मान्य यादीतच राहिली नाही. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं आपल्या यादीतून एका झटक्यात ४,३०५ पत्रिका काढून टाकल्या, त्यातलीच ती एक. त्या मुलीचं काम मात्र खरं होतं. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरापाशी सुट्टीच्या दिवशी जाऊन तिनं पर्यटक मोजले होते, बोलली होती. ते सगळं त्या पत्रिकेबरोबर बुडालं.

२०१९ मध्ये आयोगानं मान्य पत्रिकांची नवी ‘केअर’ यादी आणली. २०२२ च्या नियमांनी लेखाची सक्ती काढली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ‘केअर’ यादीही बंद करून पत्रिका पारखायची जबाबदारी विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर सोपवली. नियम इतक्यांदा बदलले, पण वहिनीनं दिलेलं उत्तर शेवटी कुठं गेलं हा प्रश्न त्यातल्या एकाही नियमात नाही.

पर्यटनाचा अभ्यास ही विद्याशाखा तशी तरुण आहे. ‘अ‍ॅनल्स ऑफ टुरिझम रिसर्च’ ही तिची एक मानाची पत्रिका १९७३ साली निघाली. तिथपासून या क्षेत्रात मोलाचं काम झालंय आणि ते आपल्या उपयोगाचं आहे, हे मी मनापासून सांगते. रिचर्ड बटलर या भूगोलाच्या अभ्यासकानं १९८० साली ‘कॅनेडियन जिऑग्राफर’मध्ये पर्यटनस्थळाचं आयुष्य मांडलं. आधी तुरळक माणसं शोधत येतात. मग गावकरी त्यांच्यासाठी चार सोयी करतात. मग बाहेरचा पैसा येतो, जम बसतो, साचलेपण येतं आणि शेवटी स्थळ उतरणीला लागतं किंवा नव्यानं उभारी धरतं. हे मी एकदा दादाला मराठीत समजावून सांगितलं. तो गडावरच्या अंधारबावीकडं बघत बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे आपल्या आईनं सहलीच्या पोरांना पहिल्यांदा भाकरी करून दिली तो दुसरा टप्पा. आता बाहेरची माणसं जागा घेऊन रिसॉर्ट बांधायला लागल्यात हा तिसरा. पुढचा कुठला ते आपल्या हातात हाय का?” दादा नववीपर्यंत शिकलाय. बटलरच्या लेखावर याहून नेमका प्रश्न मी कुठल्या प्रबंधात वाचलेला नाही.

पर्यटनाचे अभ्यासक डॉक्सी यांनी १९७५ साली सांगितलं की पर्यटक वाढत जातात तशी गावकऱ्यांची मनं बदलत जातात. आधी कौतुक, मग सवय, मग वैताग, मग उघड विरोध. रविवारी दारासमोर कुणी गाडी आडवी लावून गेलं की आमच्या गल्लीत यातला वैताग ऐकू येतो. ही माणसं या सिद्धांताची जिवंत उदाहरणं आहेत आणि त्यांना सिद्धांत माहीत नाही. कारण तो इंग्रजीत आहे आणि त्यांच्यावर लिहिलेले लेखही इंग्रजीतच छापले जातात.

केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ या संशोधन-पत्रिकांच्या सामूहिक वर्गणीच्या योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका. सरकारी विद्यापीठातल्या मुलांना हे वाचन खुलं झालं याचा एक ग्रंथपाल म्हणून मला फार आनंद आहे. आमच्या काळी एकेका परदेशी पत्रिकेच्या वर्गणीसाठी प्राचार्यांच्या दारात उभं राहावं लागायचं. पण ही खिडकी विद्यापीठाच्या आत उघडते. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विद्यापीठांतले प्रबंध सगळ्यांना फुकट वाचता येतात, ही खरोखर मोठी सोय आहे. भाच्यानं मोबाइलवर पन्हाळ्यावरचा एक प्रबंध उघडून वहिनीला दाखवला. तिनं पानं सरकवली, एका तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “यात मी कुठंय?”

अलीकडं आणखी एक ओढा दिसतो. गावात न जाता, छापून आलेल्या लेखांचीच मोजदाद करायची. कुठल्या देशातून किती लेख आले, कुठला शब्द किती वेळा आला, कुणी कुणाचा संदर्भ दिला. मग संगणकातून रंगीत ठिपक्यांचं जाळं काढायचं. ही ग्रंथमिती आमच्याच शास्त्राची लेक आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९४८ मध्येच अशा मोजणीची कल्पना मांडली होती, तेव्हा तिला नावं ठेवायचं मला कारण नाही. करोनात घराबाहेर पडणं बंद होतं तेव्हा तर ती सोयीचीच होती. पण आता रस्ते उघडे आहेत. जगभरच्या लेखांत ‘शाश्वत पर्यटन’ हा शब्द किती वेळा आला हे मोजणाऱ्या मुलानं पन्हाळ्यावर पावसाळ्यातला एक रविवार तरी काढावा.

कारण मोजण्यासारखं गडावर पुष्कळ आहे. वहिनीकडं एक वही आहे. एक म्हणजे आता सहा झाल्यात. २००९ पासून रोज रात्री ती त्यात तारीख, किती किलो पीठ लागलं, किती ताटं गेली आणि पाऊस होता की ऊन, एवढं लिहिते. उधारी चुकू नये म्हणून सुरू केलेली सवय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला ते दिवस त्यात कोरे आहेत. २०२० चा उन्हाळा कोरा आहे. २०२१ च्या जुलैत गडाचा रस्ता खचला आणि गाड्या वर येईनात, तेव्हा ‘२ ताटं’, ‘०’, ‘०’, ‘३ ताटं’ असं पानामागून पान आहे. शाळांच्या सहली कुठल्या आठवड्यात येतात, परीक्षा लागल्या की कसं ओस पडतं, सगळं आहे. पर्यटनाच्या हंगामाचा अभ्यास करणाऱ्याला याहून काय हवं? आजवर जितके जण प्रश्नावली घेऊन आले त्यातल्या एकानंही “तुमच्याकडं काही लिहून ठेवलेलं आहे का?” असं विचारलं नाही. छापील कागदावर तो प्रश्न नव्हता.

एकच मुलगा परत आला होता, चारेक वर्षांपूर्वी. एम.ए.चा प्रकल्प होता. लिहून झाल्यावर तो गडावर आला, हॉटेलासमोरच्या कट्ट्यावर बसला आणि आपले निष्कर्ष मराठीत वाचून दाखवले. झुणका-भाकर विकणाऱ्या सगळ्या बायका ‘स्वयंरोजगारित’ असं त्यानं लिहिलं होतं. वहिनीनं त्याला तिथंच थांबवलं. त्यातल्या बऱ्याच जणी दुसऱ्याच्या हॉटेलात हजेरीवर भाकरी थापतात, जागा त्यांची नसते, हे तिनं समजावलं. मुलानं पेन काढून दुरुस्ती केली. वाचून दाखवायला तो आला नसता तर ती चूक कायम छापली गेली असती. त्यानं दिलेली दोन पानं वहिनीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवलीत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. उर अभिमानानं भरून आला. पण पन्हाळा हा राहता गड आहे. तिथं नगरपरिषद आहे, शाळा आहे, पिढ्यान् पिढ्यांची घरं आहेत. घरं-दुकानांवर आता काय बंधनं येतील, ही धास्ती रोज संध्याकाळी कट्ट्यावर बोलली जाते. संशोधक आता आणखी येतील आणि त्यांच्या आकड्यांवर निर्णयही होतील. त्या आकड्यांत वहिनीचे ते तीस ‘सहमत’ असतील, या विचारानंच मी हे पत्र लिहायला बसले.

शिवाजी विद्यापीठाला आणि जिल्ह्यातल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या जिल्ह्यावर, मग तो पन्हाळा असो, जोतिबा असो, राधानगरीचं अभयारण्य असो की नृसिंहवाडी, ज्यानं संशोधन केलं त्यानं प्रबंधासोबत दोन पानी मराठी सारांश द्यावा. माहिती दिलेल्यांच्या गावी जाऊन तो वाचून दाखवावा. त्यांनी काय दुरुस्त्या सांगितल्या हे प्रबंधात नोंदवावं. गुणांकन करताना त्या दोन पानांना किंमत द्यावी, नाहीतर ती कुणी लिहिणार नाही. एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत राहावी, एक करवीर नगर वाचन मंदिरात. १८५० पासून ही संस्था कोल्हापूरकरांना वाचायला देते आहे. तिथल्या एका कपाटात ‘आपल्या जिल्ह्यावरचं संशोधन’ अशी पाटी लागली तर ती पानं लावायला मी आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला येईन. हातपाय धड आहेत तोवर येईन.

आणि वहिनीच्या सहा वह्या कुणा अभ्यासकाला पाहायच्या असतील तर मी तिची परवानगी घेतली आहे. वह्या घराबाहेर न्यायच्या नाहीत, तिथंच बसून उतरवून घ्यायच्या, एवढी तिची अट आहे. सोमवार ते गुरुवार कधीही यावं. शनिवार-रविवारी नको, तेव्हा तिला चुलीपुढून उठता येत नाही.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
शिवाजी पेठ, कोल्हापूर